एक की नऊ

दशरथअप्पा मेत्रे मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची पद्धत आहे आणि अप्पांचा त्या पद्धतीवर फार राग होता. कुणाच्या मयतीत लोक "लई देवमाणूस व्हता बगा" असं म्हणायला लागले, की अप्पा तिथंच, तिरडी बांधणाऱ्यांच्या डोक्यावर उभे राहून म्हणायचे, "फोल!"

फोल हा त्यांचा शब्द. तरुणपणी ते हैदराबादला एका कापडगिरणीत फाटकावर होते. गिरणीचा फुटबॉलचा संघ होता. अप्पा स्वतः कधी खेळले नाहीत, पण संघाचा एकही सामना त्यांनी सोडला नाही. तिथून त्यांनी 'फाउल' हा शब्द आणला आणि कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या भालकी तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत येईस्तोवर त्याचा फोल झाला. मराठीत शेंग फोल निघते, म्हणजे आत दाणा नसतो. अप्पांच्या तोंडी हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले होते. पायात पाय घातला तर फोल. लग्नातली खीर पातळ झाली तर फोल. सरकार पडलं तरी फोल आणि टिकलं तरी फोल. त्यांच्या धाकट्या मुलाला पुण्याला कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्यानं पेढा पुढं केला. अप्पांनी तो तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, "फोल हाय. खवा न्हाई ह्यात." पोरगं दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलं ते दोन वर्षं फिरकलं नाही. त्यात मला तरी नवल वाटलं नाही.

अंगानं काटकुळे, डोक्यावर मळकी टोपी, खांद्यावर काळी घोंगडी. बापजाद्यांची मेंढरं होती. ती कधीच विकली गेली, पण मेंढरं हाकायचा आवाज अप्पांच्या गळ्यात तसाच राहिला होता. संध्याकाळी आम्ही सरावाला मैदानावर उतरलो की ते घोंगडी अंथरून बसायचे आणि तो आवाज आमच्यावर सोडायचे. शिव्यांचीही त्यांनी वाटणी केलेली होती. आम्हाला मराठीतून, पंचाला कानडीतून आणि समोरच्या संघाला हैदराबादी उर्दूतून. पंचाला "कण्ण इल्ला एनप्पा?", म्हणजे डोळे नाहीत का रे बाबा, हे ठरलेलं. समोरच्या खेळाडूला "क्या रे मियाँ, पाँव को मेहंदी लगी क्या?" आम्हाला काय म्हणायचे ते सगळं लिहिता येणार नाही.

मी उजव्या बाजूला बचावाला असायचो. माझं नाव नागनाथ. अप्पांनी मला ते नाव कधी लावलं नाही. त्यांनी माझं नाव 'खांब' ठेवलं. "खांबा, आरं शेळी बी वाट सोडत न्हाई, तू कामून सोडायलास?" हे सगळ्या गावासमोर, त्यात शाळेतल्या मुलीही आल्या. पुढं गावानं ते नाव उचललं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर मित्रांनी पेनानं 'ऊर्फ खांब' लिहिलं होतं. बायको अजून चिडली की त्याच नावानं हाक मारते. तेव्हा माझा राग जुना आहे आणि बिनकारणाचा नाही.

एकच खेळाडू त्यांच्या तोंडातून सुटला होता. आमचा गोलकीपर गौतम. भीमनगरातला, उंच, लांब हातांचा, फार कमी बोलणारा पोरगा. बाप नव्हता. आई कौसाबाई मजुरीला जायची आणि सामना असला की रोजगार बुडवून यायची. गौतमनं चेंडू अडवला की मैदान डोक्यावर घेतलं जायचं, पण अप्पा गप्प. ते फक्त टोपी काढायचे, झटकायचे आणि परत घालायचे. एवढंच. आम्ही त्या टोपीवर जळायचो. मी एकदा दोन माणसं चुकवून चेंडू बाहेर काढला आणि आशेनं टोपीकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "काय बगायलास? पळ की!"

या माणसाच्या हाती एक मोठा निवाडा सोपवला गेला, तो कसा, ते समजायला शेजारच्या निर्णा गावच्या संघाविरुद्धचा सामना सांगायला हवा. बरोबरीत चाललेला सामना, शेवटची काही मिनिटं. आमचा नऊ नंबरचा अनिल, गावातल्या कंत्राटदाराचा पुतण्या, उडी मारून चेंडू आत घालतो आणि पंच गोलची शिट्टी मारतो. गाव नाचायला लागलं. तेवढ्यात अप्पा मैदानात शिरले, जाळीतला चेंडू उचलला, मधोमध आणून ठेवला, त्यावर घोंगडी टाकली आणि वर बसले.

"फोल. हातानं घातलाय," म्हणाले.

पंच म्हणाला, गोल झाला. आम्ही म्हणालो, झाला. निर्ण्याच्या पोरांनीसुद्धा हात पाहिला नव्हता. अप्पा हलेनात. चेंडूवर बसणं काही सोपं नाही, ते एकदा डावीकडे घसरायचे, एकदा उजवीकडे, पण उठले नाहीत. शेवटी अनिललाच हसू फुटलं आणि त्यानं कबूल केलं. गोल गेला, मग सामनाही गेला. त्या संध्याकाळी अप्पांच्या दारावर शेण पडलं. मी टाकलं नाही, पण टाकणाऱ्यांबरोबर उभा होतो आणि मला बरं वाटत होतं.

पुढच्या वर्षी गावच्या फुटबॉल स्पर्धेत नवीनच प्रकार आला. तोवर गावात डिशची छत्री आली होती. महमदभाईच्या हॉटेलात रंगीत टीव्हीवर दिवसभर क्रिकेट चालायचं आणि मैदानावरची गर्दी ओसरत चालली होती. कंत्राटदार कमिटीचे अध्यक्ष होते. गर्दी ओढायला त्यांनी दोन गोष्टी केल्या. हैदराबादहून एका कारखान्याच्या संघाचे साहेब बोलावले, आणि जाहीर केलं की स्पर्धेतला सर्वांत उत्तम खेळाडू लोकांनी मतं देऊन निवडायचा. त्या खेळाडूला साहेब संघात घेतील आणि कारखान्यात कायमची नोकरी देतील.

फुटबॉल खेळून नोकरी! आमच्यातली निम्मी पोरं तेव्हा पुण्याला नाहीतर हैदराबादला जायच्या तयारीत होती, कुणी बांधकामावर, कुणी वॉचमन म्हणून. गौतमचंही पुण्याचं ठरत आलं होतं. कौसाबाईनं साहेबांची गोष्ट ऐकली आणि पोराला म्हणाली, "दोन आठवडं थांब. मग जा कुटं जायचं ते."

त्या स्पर्धेत गौतम जे खेळला ते मी पुन्हा कुठं पाहिलं नाही, टीव्हीवरही नाही. अनिलनंही गोल भरपूर केले, ते नाकारणार नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी गावात सरळ दोन तट पडले होते. लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं, "एक नंबर गौतम, नऊ नंबर अनिल. ज्याला मत द्यायचं त्याचा नंबर तिकिटाच्या मागं लिहा आणि डब्यात टाका." नावं नकोत, नंबरच, कारण नाव कानडीत लिहायचं, मराठीत की उर्दूत यावरूनच कमिटीत आधी एक मारामारी होऊन गेली होती.

मोजायचं कुणी? कंत्राटदाराचा माणूस भीमनगरला चालेना, भीमनगरचा कंत्राटदाराला चालेना. शाळेतले मास्तर म्हणाले, बामणगल्लीतला कुणी घ्या. तो कुणालाच चालेना. मग निर्ण्याच्या सामन्याची आठवण कुणाला तरी झाली.

"दशरथअप्पाला बशिवा. त्याला कुणीच आवडत न्हाई."

याच्याइतका निष्पक्षपातीपणा गावात दुसरीकडे सापडण्यासारखा नव्हता. दोन्ही तटांनी माना डोलावल्या.

अप्पा टेबलाशी बसले. तेलाचा डबा उपडा केला. ते एकेक चिठ्ठी उचलायचे, डोळ्यांपासून लांब धरायचे, "एक" किंवा "नऊ" म्हणून ओरडायचे आणि ढिगात टाकायचे. तिसरा ढीग फोलचा. कुणी चिठ्ठीवर देवाचं नाव लिहिलं होतं, कुणी पंचाला शिवी. आम्ही आधी हसत होतो. मग हसू ओसरलं, कारण नऊचा ढीग वाढतच चालला होता. भीमनगरातल्या बाया रांग लावून मत देऊन आल्या होत्या, ती मतं गेली कुठं?

अप्पांनी शेवटची चिठ्ठी टाकली, उभे राहिले आणि म्हणाले, "नऊ. अनिल."

पहिली चप्पल कुठून आली ते दिसलं नाही. दुसरी मी पाहिली. "इकला गेलास का रं थेरड्या?" "कंत्राटदाराचं मटण खाल्लंस व्हय?" ज्यांनी त्यांना निष्पक्षपाती म्हणून बसवलं होतं तेच घसा फोडून ओरडत होते. टेबल डगमगायला लागलं. अप्पा चिठ्ठ्यांचे तिन्ही ढीग घोंगडीखाली झाकून तिच्यावर आडवे झाले, म्हणून तेवढ्या वाचल्या.

तेवढ्यात कौसाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं आरडाओरडा केला नाही.

"अप्पा, माजी चिट्टी दावा. तंबाकूच्या चुन्याचं बोट लागलंय तिला. पांढरं आसंल."

चिठ्ठी सापडली. नऊच्या ढिगात. कोपऱ्यात पांढरं बोट आणि शेजारी, साक्षरतेच्या वर्गात गिरवलेला, मोठा, सावकाश काढलेला मराठी १.

"ह्यो एक हाय," कौसाबाई म्हणाली.

"नऊ हाय," अप्पा म्हणाले.

आता हे आमच्या सीमेवरच घडू शकतं. मराठीतला १ आणि इंग्रजीतला 9 शेजारी ठेवून पाहा. आणि अप्पा शिकले होते निजामाच्या काळात, उर्दू शाळेत. उर्दूतला नऊही असाच, वर गाठ आणि खाली शेपूट. उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. आयुष्यभर मराठी बोललेला हा माणूस मराठी वाचायला कधी शिकलाच नव्हता. गिरणीत उर्दू आणि इंग्रजी आकडे, गावात बसच्या पाट्या कानडी. त्यांना १ दिसला की डोळे आपोआप नऊ म्हणायचे. आणि अनिलच्या माणसांनी लिहिलेला मराठी ९ त्यांना कशासारखाच वाटला नव्हता. ते सगळे त्यांनी फोलमध्ये टाकले होते.

हे कळताच मैदानाचा जो काय गोंधळ झाला! मराठी शाळेतले "एक! एक!" म्हणून ओरडत होते, इंग्रजी आकडे शिकलेले कानडी शाळेतले "नऊ! नऊ!" फोलच्या ढिगात आपले नऊ आहेत म्हणून अनिलची माणसंही आता भडकली. नऊच्या ढिगातला कुठला एक मराठी आणि कुठला नऊ इंग्रजी, हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला सांगता येणार होतं? सख्खे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, प्रेमानं नव्हे.

हैदराबादचे साहेब मात्र शांतपणे खुर्चीवर बसून होते. ते म्हणाले, "मोजणारे म्हणत असतील की चूक झाली, तर मी थांबतो. हात वर करून पुन्हा मतं घ्या." कंत्राटदारही तयार झाले, त्यांना दंगल नको होती. सगळं मैदान अप्पांकडे वळलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, माझं फोल झालं. आयुष्यभर सगळ्या जगाला लावलेला शब्द, एकदा स्वतःला.

अप्पा ती चुना लागलेली चिठ्ठी धरून उभे होते. त्यांनी ती लांब धरली, मग जवळ घेतली. मी टेबलाच्या जवळच होतो. त्यांना तेव्हाच उमगलं होतं, असं माझं आजही मत आहे, कारण अप्पांचा ओठ हलला आणि आवाज निघाला नाही. असं त्यांचं कधी होत नसे. गौतम गोलखांबाला टेकून उभा होता.

"मी मोजलं ते मोजलं," अप्पा म्हणाले. "नऊ."

साहेब अनिलला घेऊन गेले. तो तीन महिन्यांत परत आला, तिथल्या जेवणाला तिखट नव्हतं म्हणून. गौतम त्याच आठवड्यात पुण्याला गेला, एका सोसायटीच्या फाटकावर. "तितं बी गेटच राखायलोय," असं तो सुट्टीला आला की हसून सांगायचा. मला हसू यायचं नाही.

कौसाबाईनं अप्पांना शिव्या दिल्या नाहीत, ते एक मला आवडलं नाही. तिनं त्यांच्याशी बोलणं मात्र बंद केलं. रस्त्यात समोरून आले तर ती बाजूला व्हायची आणि अप्पा मान खाली घालून जायचे. गावातल्या पोरांनी त्यांना नवं नाव दिलं. लांबून ओरडायचे, "नऊअप्पा!" ते दगड उचलायचे. मैदानावर ते त्या दिवसानंतर आले नाहीत. मैदानही पुढं फार टिकलं नाही. निम्म्या खेळाडूंनी गाव सोडलं, उरलेल्यांनी बॅट घेतली. मी बिदरला बँकेत लागलो.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं तेव्हा मध्ये बरीच वर्षं गेली होती. गौतम सुट्टीवर आला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. मीही रविवारी गावी आलो होतो. आम्ही महमदभाईच्या हॉटेलात बसलो होतो. आता तिथं भिंतीवरचा चपटा टीव्ही होता आणि फुटबॉल परत आला होता, पण परदेशातला. पोरं त्या खेळाडूंच्या नावाचे शर्ट घालून बसली होती. जगातला सर्वांत उत्तम खेळाडू कोण याच्या मतांचा निकाल बातम्यांत दाखवत होते. सुटाबुटातला माणूस पाकीट फोडत होता.

नाव वाचलं गेलं आणि हॉटेलात तोंडातोंडी सुरू झाली. एक गट नाचायला लागला, दुसऱ्यानं ग्लास आपटले. "मतं इकत घेतली बे!" "आमच्यावाल्यानं किती गोल मारले, म्हाईत हाय का तुला?" "तुज्यावाल्याला वशिला हाय!"

"फोल!"

कोपऱ्यातून आवाज आला. अप्पा. मला ते तिथं बसलेले दिसलेही नव्हते. घोंगडी तीच, माणूस तिच्यात अर्धा उरलेला. काठी टेकत टीव्हीपुढं जाऊन उभे राहिले.

"मोजली कुणी?" त्यांनी टीव्हीला विचारलं. "आँ? आन लिवलं व्हतं कंच्या भाशेत? चिट्ट्या दाव की!"

पोरं खदखदून हसली. कुणीतरी मागून "नऊअप्पा!" केलं. दगड उचलायला अप्पा वाकले नाहीत. ते वळले आणि गौतम दिसला. इतक्या वर्षांत तो सुट्टीवर यायचा तेव्हा अप्पा घरातून बाहेर पडत नसत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"बसा अप्पा," गौतम म्हणाला आणि आपला चहा त्यांच्यापुढं सरकवला.

अप्पा बसले. एक घोट घेतला. "फोल हाय. पाणीच हाय नुस्तं." मग कप ठेवताना थोडा चहा टेबलावर सांडला. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि गौतमपुढं, सावकाश एक आकडा काढला. वर गाठ, खाली शेपूट.

"हे काय हाय?"

गौतमनं आकड्याकडे पाहिलं. मग अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा स्वभाव मला माहीत होता, तो काय म्हणणार ते मला आधीच कळलं आणि त्याचा रागही आला.

"नऊ हाय, अप्पा," तो म्हणाला.

"फोल!" अप्पांची मूठ टेबलावर आदळली, कप हिंदकळला. मेंढरं हाकायचा तो जुना आवाज सगळ्या हॉटेलात घुमला आणि पोरं चिडीचूप झाली. "आंधळा झालास काय रं? एक हाय त्यो! एक! माजं फोल झालं व्हतं, माजं! तुजं कामून करायलास?"

ते उठले. टोपी काढली, झटकली, परत घातली आणि काठी ठोकत, वाटेत आलेल्या एका पोराला शिवी घालून, बाहेर पडले.

त्यांच्या मयतीला मला जाता आलं नाही. त्यांना मी माफ केलं असंही म्हणणार नाही. ज्याची नोकरी गेली त्यानं काय करायचं तो त्याचा प्रश्न, मी आपला खांब आहे.

त्या दिवशी हॉटेलात गौतम अप्पा बाहेर पडले त्या दाराकडे पाहत होता. टीव्हीवर तो परदेशी खेळाडू हातातला सोनेरी चेंडू उंचावून दाखवत होता. गौतमनं अप्पांच्या कपात उरलेला चहा एका घोटात संपवला आणि बाहीनं डोळे पुसले.

"खांबा," तो म्हणाला, "लागला बग निकाल."